वर्षभराचे वाचन : खळे, वतन आणि तिमाही तक्ता

गेले वर्षभर मी ठरवून एकाच विषयावर वाचत होते : भारताचा आणि त्यातही आपल्या दक्षिण महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास, आणि त्या इतिहासातली जात. कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला या विषयातले सगळे आधीच ठाऊक असल्यासारखे वाटत असते. बिंदू चौकातून जाताना जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे दिसतात, आणि ते बाबासाहेब हयात असताना, १९५० साली बसवलेले आहेत हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असते. दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि त्याच्या आसपास त्या त्या समाजाची वसतिगृहे उभी आहेत. दरवर्षी २६ जूनला भाषणे होतात. ती ऐकून ऐकून मूळ लेखन उघडून पाहण्याची गरजच वाटेनाशी होते, आणि मीही अनेक वर्षे ते उघडून पाहिले नव्हते.

माझे काम सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचे. त्यामुळे वाचतानाही माझी नजर जरा वेगळ्या जागी अडते. ठराव किती उदात्त शब्दांत लिहिला आहे यापेक्षा त्याच्या अंमलबजावणीचा कागद कुठे आहे, हे मी आधी शोधते. जात ही माणसांच्या मनात असते, मने बदलली की ती जाईल, असे आपण लहानपणापासून निबंधांत लिहीत आलो आहोत. या वर्षीच्या वाचनात मला ती मनापेक्षा हिशेबात अधिक भेटली : खळ्यावरच्या वाट्यात, वतनाच्या सनदेत, नेमणुकांच्या यादीत आणि जनगणनेच्या रकान्यात. पुढचे सगळे याच एका निरीक्षणाभोवती आहे.

सुरुवात त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’पासून केली. १९१५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीत समाजशास्त्र हा शब्द रुळण्याच्या आधीचे आहे, आणि तरीही खेड्याचा कारभार इतक्या बारकाईने नोंदवणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, भिक्षेकरी अशी सगळी माणसे त्यात कामासकट आणि हक्कासकट येतात. आत्रे यांची सहानुभूती उघडपणे कुणब्याकडे आहे. त्याच्या राशीतून दर सुगीला किती हात वाटा उचलतात हे दाखवताना त्यांची भाषा चांगलीच तिखट होते. त्यांच्या आधी तीस-बत्तीस वर्षे, १८८३ साली, जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्याच कुणब्याची लूट मांडली होती. तिथे लुटणारे हात भटांचे, कुलकर्ण्यांचे आणि सरकारी कामगारांचे आहेत. आत्रे यांच्या पुस्तकात ते बलुत्या-अलुत्यांचे आणि मागत्यांचे आहेत. दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचली की एकाच राशीकडे दोन बाजूंनी पाहिल्यासारखे होते. आणि दोन्हींत रास कुणब्याचीच धरलेली आहे, बलुतेदाराने वर्षभर केलेले काम त्या राशीत किती होते हा प्रश्न बाजूलाच राहतो, असे मला वाचताना वाटत राहिले.

मला ते वाटण्याचे कारण घरातले आहे. आमचे घर सुतारांचे. आजोबा करवीर तालुक्यातल्या एका गावात बैतं, म्हणजे सुगीला मिळणारे बलुत्याचे धान्य, घेऊन काम करत : नांगर, कुळव, कुरी यांची दुरुस्ती बैत्यात, नवी बैलगाडी किंवा घराचे आढे करायचे तर त्याचे पैसे वेगळे. पुस्तकात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितलेल्या असतात, थोरली, मधली आणि धाकटी, आणि ज्याची ओळ थोरली त्याचा धान्यातला वाटा मोठा. कोण कोणत्या ओळीत बसतो हे प्रांताप्रांताने बदलते, परंतु सुतार, लोहार यांच्याबरोबर महार बहुतेक ठिकाणी थोरल्या ओळीत आणि गावचा जोशी किंवा गुरव धाकट्या ओळीत, असे चित्र पुन्हा पुन्हा दिसते. म्हणजे ज्याची सावली नको त्याच्या कामाचे मोल खळ्यावर जोशीबुवांपेक्षा अधिक धरलेले होते. गावाला कोणाच्या कामावाचून अडते हे गाव पक्के जाणून होते. मानाची उतरंड त्या हिशेबाला न विचारता वेगळी लावलेली होती. जातीची उतरंड ही श्रमाच्या उपयुक्ततेतून आपोआप तयार झाली, असे सांगणाऱ्यांनी या तीन ओळी एकदा वाचाव्यात.

चुलत्यांना मी एकदा विचारले, “तात्या, सुगीला आपल्याला नेमकं किती मिळायचं?” ते म्हणाले, “अगं पोरी, मापून कोण देत हुतं? खळ्यावर जायाचं, मालकानं टाकलेल्या पेंढ्या उचलायच्या. कमी हाईत म्हणून बोलायची सोय न्हवती. आणि रागानं एक साल गेलंच न्हाई, तर हक्क बुडायचा.” हक्क बुडण्याची ही भीती मला पुढे एका जपानी अभ्यासकाच्या पुस्तकात सापडेल असे वाटले नव्हते. हिरोशी फुकाझावा यांनी पेशवेकालीन मराठी कागदपत्रांच्या आधारे अठराव्या शतकातल्या गावाचा अभ्यास केला. त्यांचे निबंध १९९१ साली पुस्तकरूपाने इंग्रजीत आले. उत्तर भारतातल्या जजमानी पद्धतीचा साचा महाराष्ट्राला लावू नये, असे त्यांचे म्हणणे आहे. तिकडे कारागीर ठरावीक घरांशी बांधलेला असतो. आपल्याकडे बलुतेदार हा सगळ्या गावाचा चाकर असे, आणि त्याचे बलुते हे वतन, म्हणजे वंशपरंपरेने चालणारी मालमत्ता असे. ते वाटून घेता येई, गहाण टाकता येई, विकताही येई. म्हणून दुसऱ्या गावचा सुतार आला आणि काम करू लागला तर तंटा थेट सरकारदरबारी जाई. आजोबांच्या पिढीपर्यंत सनदा विस्मरणात गेल्या होत्या, तरी एक साल चुकवले तर हक्क जाईल ही समज मात्र घरात टिकून होती.

वतन हे या वर्षातले माझे खरे प्रकरण ठरले. पाटलाचे आणि देशमुखाचे वतन म्हणजे जमीन, मान आणि सत्ता. महाराचे वतन म्हणजे थोडी जमीन, भाकरीचा हक्क आणि त्याच्या बदल्यात रात्रंदिवसाची सरकारी व गावकीची कामे. बेदरच्या बादशहाने अमृतनाकाला बावन्न हक्क दिले ही कथा आपण अभिमानाने ऐकलेली असते, पण त्या हक्कांची यादी वाचताना बहुतेक हक्कांमागे एकेक सक्तीचे काम उभे दिसते. बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’मधून महार वतनावर का टीका केली आणि १९२८ साली मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक का मांडले, हे तेव्हा नीट उमगते. जमिनीच्या त्या तुकड्याने माणसाला गावाशी आणि गावाने ठरवलेल्या कामाशी बांधून ठेवले होते. ते विधेयक मंजूर झाले नाही.

इथे कोल्हापूरचा दाखला आवर्जून सांगायला हवा, कारण तो आपल्याच भाषणांत क्वचित येतो. शाहू महाराजांनी १९१८ साली संस्थानात महार वतने रद्द करून त्या जमिनी त्याच कुटुंबांना रयताव्याने, म्हणजे सेवेची अट न ठेवता साध्या शेतसाऱ्यावर दिल्या. त्याच सुमारास कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि त्या तलाठ्यांत महार समाजातले तरुणही होते. गावचे दप्तर ज्याच्या हाती त्याच्या हाती गाव, हे जोतीरावांनी लिहून ठेवले होते. महाराजांनी दप्तरच हलवले. उरलेल्या मुंबई इलाख्यात कनिष्ठ गाव वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. तेव्हाही जमिनी शेतसाऱ्याच्या काही पट रक्कम भरून घेऊन परत दिल्या गेल्या, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्या विकता येणार नाहीत ही शर्त बसली. शेजारच्या जिल्ह्यांतल्या पतसंस्थांची तपासणी करताना कर्जप्रकरणाला जोडलेल्या सातबाऱ्यावर ‘इनाम वर्ग ६ ब’ हा शेरा मी कितीदा पाहिला असेल. असा उतारा तारणाला आला की शाखाधिकारी कपाळाला आठ्या घालतो आणि फाईल बाजूला सारतो. तो शेरा नियमाच्या पुस्तकात कोणत्या कलमाने येतो हे मला माहीत होते. तो कोणत्या खळ्यावरून आणि कोणत्या चावडीवरून चालत आला, हे या वर्षी कळले.

आता वेदोक्त, म्हणजे वेदांतल्या मंत्रांनी विधी करून घेण्याच्या हक्काचा वाद. हे प्रकरण कोल्हापुरात इतक्या वेळा सांगितले जाते की त्याची गोष्ट झाली आहे. १८९९ सालचा कार्तिक, पंचगंगेवरचे स्नान, नारायण भटजी पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले मंत्र म्हणत असल्याचे राजारामशास्त्री भागवतांनी महाराजांच्या लक्षात आणून देणे, आणि शूद्रांसाठी वेदोक्त नाही म्हणून पुराणोक्तच चालेल असे त्या भटजींनी सांगणे. इथवर सगळ्यांना पाठ असते. पुढच्या तीन-चार वर्षांतला व्यवहार मात्र भाषणातून गळतो. राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, वेदोक्त विधी करायला नकार दिला, महाराजांनी पंडितांची समिती नेमली, पुण्यात लोकमान्य टिळकांनी १९०१ साली ‘केसरी’तून महाराजांच्या भूमिकेविरुद्ध लिहिले, आणि १९०२ साली राजोपाध्यांची इनामे जप्त झाली. मग राजोपाध्ये दाद मागायला गेले ते धर्मपीठाकडे थांबले नाहीत, इंग्रज सरकारकडे गेले, आणि तिथे त्यांचे म्हणणे टिकले नाही. मंत्राचा वाद इनामाच्या वादात उतरायला फार वेळ लागला नाही, आणि महाराजांनाही तो तिथेच जिंकता आला. इनाम सेवेसाठी दिलेले आहे, सेवा नाकारली तर इनाम जाते, हा तर्क अगदी साधा आणि दरबारी होता. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचा आणि पुढे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या काळचा वाद सोबत ठेवून वाचले, की छत्रपतींच्या घराण्यालाही हा प्रश्न दर काही पिढ्यांनी नव्याने सोडवावा लागला हे दिसते. ज्यांच्या हाती तलवार होती त्यांनाही क्षत्रियत्वाचा कागद दुसऱ्याकडून आणावा लागे.

यापेक्षा मला अधिक वेळ गुंतवून ठेवले ते २६ जुलै १९०२ च्या आदेशाने. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते आणि आदेश करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, आणि ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले समजावेत, एवढा भाग सर्वत्र उद्धृत होतो. त्याच्या पुढे दोन तरतुदी आहेत, आणि तपासनिसाच्या डोळ्यांना त्या आधी दिसतात. ज्या खात्यांत मागासलेल्या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथली पुढची नेमणूक त्या वर्गांतूनच करावी. आणि आदेशानंतर झालेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस सादर करावा. हा तिमाही तक्ता वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आदेश काढणारा राजा पुष्कळ काही करू शकतो, पण खातेप्रमुख काय करतील हे ओळखून आधीच तक्ता मागणारा राजा मला प्रथमच भेटत होता. महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला तेव्हा सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते, हा आकडा आपल्याला मिळतो तोही अशी मोजदाद करण्याची दृष्टी त्या दरबारात होती म्हणूनच.

गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज चहा प्यायले ही हकीकत आपण दरवर्षी ऐकतो, आणि ती ऐकायला मला आजही आवडते. परंतु आपल्या शहराच्या आठवणीत चहाचा पेला राहिला आणि तिमाही तक्ता गेला, ही निवड निरागस नाही असे माझे मत आहे. चहाच्या गोष्टीत राजाचे मोठेपण आहे आणि ऐकणाऱ्याला काही करावे लागत नाही. तक्ता मात्र आजच्या कोणत्याही शिक्षणसंस्थेच्या, कारखान्याच्या किंवा बँकेच्या नोकरभरतीकडे बोट दाखवू शकतो. वसतिगृहांचेही तसेच. १९०१ चे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षीचे जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ चे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग. या यादीकडे पाहून जातवार वसतिगृहांनी जात पक्की केली असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आता समाजमाध्यमांवर पुष्कळ आहेत. खेड्यातून आलेल्या पोराला शहरात भाड्याने खोली आणि खानावळीत ताट कोण देत होते, हा प्रश्न ते विचारत नाहीत.

वर्षाच्या मध्यावर वाचलेल्या एका वादाने मला बरेच दिवस छळले. जात आज जशी आहे तशी ती इंग्रजांनी घडवली, असे एक मत अभ्यासकांत आहे. निकोलस डर्क्स यांचे २००१ सालचे पुस्तक या मताचे सर्वांत परिचित रूप. १९०१ च्या जनगणनेत आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक श्रेष्ठतेनुसार क्रमवारी लावायला घेतली, नाकांची मापे काढून त्यांत वंश शोधला, आणि मग आपली जात वरच्या पायरीवर लिहावी म्हणून देशभरातून अर्ज आले. हे सगळे खरे आहे. क्रमवारीच्या रकान्याने एक नवी स्पर्धा सुरू केली हेही खरे. तरीही मला हे मत पुरते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण मराठी कागद आहेत. फुकाझावा यांनी दाखवल्याप्रमाणे अठराव्या शतकात जातीबाहेर टाकलेल्याला परत घेणे, प्रायश्चित्त ठरवणे, कोणत्या जातीने कोणते कर्म करावे यावर हुकूम काढणे, ही पेशवे सरकारची नेहमीची कामे होती. प्रभूंची ग्रामण्ये, म्हणजे जातीच्या दर्जावरचे तंटे, वर्षानुवर्षे चालली. १७७९ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने पुणे दरबाराच्या आग्रहावरून सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये असा हुकूम काढला. हा हुकूम या वादाच्या मध्यभागी ठेवला पाहिजे असे मला वाटते : हुकूम कंपनीचा, मागणी पेशव्यांची, आणि भांडण नमस्कार कोणी घालायचा यावरचे. इंग्रजांच्या हाती जातीचे दप्तर कोरे आले नव्हते. त्यांनी जुन्या नोंदी एकत्र बांधल्या, प्रांतोप्रांतीच्या वेगवेगळ्या व्यवस्था एकाच तक्त्यात कोंबल्या, आणि जिथे तक्रार करायला वाव होता तिथेही शाई वाळू दिली. यातला दोष लहान नाही. पण सगळा दोष त्यांच्या खाती टाकला की पुण्याचा आणि गावच्या चावडीचा हिशेब आपोआप निरंक होतो, आणि ही सोय अनेकांना हवीच असते.

रिस्ले यांच्या नाकांच्या मापांचे पुढे काय झाले हेही रंजक आहे. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात त्या निष्कर्षांची चिकित्सा केली, आणि बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात घुर्ये यांचीच मापे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत असे दाखवले. इरावती कर्वे यांचे म्हणणे आणखी वेगळे : एकाच धंद्याच्या नावाखाली येणाऱ्या पोटजाती एका मूळ जातीच्या फुटलेल्या फांद्या नसून अनेकदा स्वतंत्र समूह असतात, कुंभार हे नाव एक पण समूह अनेक. फ्रेंच अभ्यासक लुई द्युमाँ यांचा शुद्ध-अशुद्धावर उभारलेला मोठा सिद्धान्त मी वाचला, त्याची मांडणी थोर आहे, आणि त्यात खळे कुठेच नाही.

बाबासाहेबांचा १९१६ सालचा निबंध मी याआधी वाचला नव्हता, याचे आता आश्चर्य वाटते. कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेला, जातींची घडण, उगम आणि प्रसार यांवरचा हा निबंध लिहिणारा तरुण पंचवीस वर्षांचा होता. जातीचा गाभा सहभोजनात किंवा स्पर्शात न शोधता बाबासाहेब तो एकाच गोष्टीत पाहतात : जातीबाहेर लग्न न करणे. मग ते जवळपास अंकगणितासारखे पुढे जातात. बंदिस्त गटात लग्नायोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई ‘जादा’ होते, बायको मेली की पुरुष ‘जादा’ होतो. जादा बाईचे करायचे काय? तिला जाळा, किंवा तिला आयुष्यभर विधवा ठेवा. पुरुषाला मात्र जाळता येत नाही, त्याला संन्यासी ठेवणे जमत नाही, म्हणून त्याला लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींमधून बायको द्या. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचे समर्थन पुढे धर्माने केले, गरज मात्र गट बंद ठेवण्याची होती. एका वर्गाने आपले दार लावून घेतले आणि बाकीच्यांनी काही अनुकरणाने, काही नाइलाजाने आपापली दारे लावली.

हे वाचल्यावर स्त्रियांचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न वेगवेगळ्या कपाटांत ठेवणे मला शक्य राहिले नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येसाठी शिक्षा झाल्याच्या निमित्ताने. ताराबाई मराठा घरातल्या आणि सत्यशोधक वातावरणातल्या. त्यांनी बोल लावला तो एका जातीच्या पुरुषांना नव्हे, सगळ्याच पुरुषांना, आणि त्या काळी तो सगळ्यांनाच झोंबला. उच्च जातींचे पाहून बहुजन घरांतही पुनर्विवाह बंद होत चालले होते, प्रतिष्ठा वाढवण्याचा तो मार्ग झाला होता. म. न. श्रीनिवास यांनी पुढे संस्कृतीकरण म्हणून जे सांगितले त्याची किंमत घरातल्या बायकांनी दिली, हे त्यांच्या मांडणीत मला पुरेसे ठळक दिसले नाही. कोल्हापुरात याच संदर्भात एक गोष्ट घडली. १९१८ साली शाहू महाराजांचे धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीतल्या अपघातात वारले आणि त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी बालवयातच विधवा झाल्या. महाराजांनी त्यांना सोनतळीला ठेवून, घरातल्यांची नाराजी पत्करून, शिकवले. पुढच्याच वर्षी संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा आणि स्त्रियांच्या छळाविरुद्धचा कायदा झाला. बाबासाहेबांनी दाखवलेले बंद दार आणि हे कायदे एकमेकांच्या किती जवळ आहेत! ही दोन माणसे १९२० साली माणगावच्या परिषदेत एका व्यासपीठावर आली, हा मग योगायोग वाटत नाही.

आत्मचरित्रांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ चे. ते मी कॉलेजात वाचले होते, ‘गावगाडा’नंतर पुन्हा वाचले आणि पुस्तकच बदलल्यासारखे झाले. आत्रे यांच्या पुस्तकात जो वाटा मागणारा हात आहे, तो इथे एका लहान मुलाचा हात आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ त्याहून अवघड. त्यांनी ते घरच्यांपासून लपवून लिहिले होते. महारवाड्यातल्या सुना कशा राबवल्या जात, मारल्या जात, हे त्या सवर्णांच्या जुलमाइतक्याच स्पष्टपणे सांगतात. आमच्यासारख्या बलुतेदार घरांतून अशी पुस्तके फार कमी आली. ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या इतिहासात आम्ही ब्राह्मणेतर म्हणून एका बेरजेत येतो, आणि गेल ऑम्वेट यांच्या १९७६ च्या ग्रंथासारखे थोडे अपवाद सोडले तर त्या बेरजेच्या आत कोणाला काय मिळाले याची फोड सहसा कोणी करत नाही. जमीन ज्याच्याकडे होती तो ब्राह्मणेतर आणि त्याच्या खळ्यावर पेंढी उचलणारा ब्राह्मणेतर हे सत्यशोधक जलशात शेजारी बसले असतील. सहकारी कारखान्यांच्या संचालक मंडळांच्या जुन्या याद्या पाहिल्या तर ते शेजारी बसलेले दिसत नाहीत. या याद्या माझ्या कामाचा भाग असल्याने हे अंदाजाने लिहीत नाही.

गेल्या काही वर्षांत कागद पुन्हा रस्त्यावर आला आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली, आणि सप्टेंबर २०२५ च्या हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयानंतर गॅझेट हा शब्द चहाच्या गाड्यावरही ऐकू येतो. पणजोबांच्या जन्मनोंदीतली एक ओळ आज नातवाची फी ठरवते. या नोंदी करणारा कारकून त्या दिवशी काय विचार करत होता, त्याने घरच्यांना विचारले की पाटलाला विचारले, हे कोणाला सांगता येणार नाही. तरी त्याच्या लेखणीवर आज मोर्चे निघतात.

१९३१ नंतर देशात सगळ्या जातींची मोजणी होऊन प्रसिद्ध झालेली नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतली जातींची आकडेवारी बाहेर आली नाही. आता २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार, असे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून नव्या वर्षासाठी मी १९३१ च्या मुंबई इलाख्याचे खंड वाचायला घेतले आहेत, आणि त्यांच्या जोडीला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यावरचे लेखन. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. आपल्या संस्थानात त्या समाजांची रोजची हजेरी शाहू महाराजांनी १९१८ मध्येच बंद केली होती. १८७१ च्या त्या कायद्यानेही याद्याच केल्या होत्या, आणि त्या यादीत नाव येणे म्हणजे काय हे पालावरच्या माणसांनी ऐंशी वर्षे सोसले. जात मोजू नये असे मी म्हणत नाही, मोजल्याशिवाय तिमाही तक्ता भरता येत नाही हे मला चांगले समजते. जनगणनेच्या त्या रकान्याशेजारी जमीन, नोकरी आणि शिक्षण यांचे रकाने एकत्र वाचता येतील अशा रीतीने आकडे प्रसिद्ध होणार आहेत का, हे मात्र मी आत्तापासून विचारत आहे. १९३१ च्या खंडांत साक्षरतेचे आणि व्यवसायाचे जातवार तक्ते आहेत. सुतारांचा तक्ता मी अजून उघडलेला नाही.